लुझियामाईचं करडू

दोना आल्देनोरा सकाळीच दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात जपमाळ आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"मला रडायची बंदी आहे," ती आल्या आल्याच म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बजावलंय, टिपूस गळता कामा नये. म्हणून मी रडत नाहीये. पण माझं करडू गेलं हो! लुझियामाईचं करडू!"

बेलार्मिनोने तोंडाशी नेलेला मक्याच्या कुस्कुसचा घास पुन्हा बशीत ठेवला. त्याची थोरली मेहुणी जेनेरोसा मात्र उठली आणि तिने आधी पाहुणीसमोर कॉफी ठेवली.

जेनेरोसाने उभी हयात पोलीस ठाण्यात जबान्या लिहून घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर ती खासगी तपास करू लागली. त्या काटेरी रानात खून-दरोडे क्वचितच पडत; हरवत त्या शेळ्या, कोंबड्या आणि नवरे. तिन्हींचा शोध ती सारख्याच आस्थेने घेई. मोबदला म्हणजे शेळीच्या दुधाच्या चीजचा एक गोळा. मोटरसायकल चालवायला बेलार्मिनो, आणि चीज संपवायलाही तोच.

"नवस होता," आल्देनोरा सांगू लागली. "डोळा परत दिलास तर घरात होणारं पहिलं पांढरं करडू तुझं, असं डोळे राखणाऱ्या माईला बोलले होते. माईने डोळा दिला. आमच्या शेळीला, प्रिन्सेझाला, कापसासारखं करडूही दिलं. उद्या माईचा सण. मिरवणुकीत तिच्या पालखीमागे ते न्यायचं. आता रिकाम्या हातांनी कशी जाऊ? दिलेला डोळा माईने परत मागितला तर?"

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल संध्याकाळी. दुपारी मीच त्याला न्हाऊ घातलं. मुलीने शहरातून लव्हेंडरचा साबण पाठवला होता, तो खास जपून ठेवलेला. अगदी फेस काढून धुतलं, गळ्यात लाल फीत बांधली, प्रिन्सेझापाशी सोडलं. मग डोळ्यांत थेंब घालून मी झोपले. पहाटे शेळ्यांच्या वाडग्यात पाहते तर नाही! आणि फीत घरात, देव्हाऱ्यात, माईच्या पायाशी. घडी घातलेली!" तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. "दूधवाल्याच्या गाडीत बसले ती थेट तुमच्याकडे. माईनेच नेलं असेल का हो, रागावून?"

"रागावलेलं माणूस फितीची घडी घालत नाही," जेनेरोसा म्हणाली. "चला."

*

अंगणात शिरताच गिनी कोंबड्यांनी एकच कालवा केला. उंबूच्या झाडाच्या सावलीत डुकरीण पिलांना पाजत पडली होती. ओसरीवर आल्देनोराची सून, नाव जुसिलेने, निळ्या जाड दोऱ्याने फाटका कापडी झुला शिवत होती. पाहुण्यांना खुर्ची द्यायला ती उठली, तेव्हा लंगडत होती.

"काय झालं पायाला?" जेनेरोसाने विचारलं.

"आपटला कुठंतरी. म्हणजे सासूबाईंनी पोलीस आणलेच! अहो, माईलाच विचारायचं ना. तसबिरीत तिच्या ताटलीत दोन जादाचे डोळे असतात. तिला नाही दिसणार तर कुणाला?"

"ऐकलंत? ऐकलंत हिची जीभ?" आल्देनोरा कळवळली. "नवसाची गोष्ट निघाली की हिला चेष्टा सुचते."

"तुम्ही रडू नका म्हणजे मिळवली. कुठंही असलं तरी उपाशी नसेल ते."

बेलार्मिनोने मेहुणीकडे सूचक नजरेने पाहिले. मेहुणी तोवर वाडग्याकडे निघाली होती.

प्रिन्सेझा निवांत रवंथ करत होती. जेनेरोसाने तिच्या कासेला हात लावला. कास दगडासारखी तट्ट, आणि बोटाच्या नुसत्या दाबाने दुधाची चिळकांडी उडाली.

"रात्री ओरडत होती का ही?"

"ही? छे! टाहो फोडत होती ती शेजारची मोरिस्का, लिंदोल्फो भावजींची शेळी. काल संध्याकाळी तिला करडू झालं, काळंभोर, पण मेलेलंच हो. काळजाला घरं पडत होती. मग कधी गप्प झाली कोण जाणे. माझा डोळा लागला."

परत येताना जेनेरोसा स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबली. तिथे रबरी बोंडल्याची बाटली होती. दूध जवळजवळ गळ्यापर्यंत, नासून फाटलेलं.

"ताई, सून!" मोटरसायकलला किक मारता मारता बेलार्मिनो कुजबुजला. "करडू विकलं असणार तिने. त्या शेळ्यांच्या व्यापाऱ्याला."

"तर मग त्यालाच विचारू."

*

व्यापारी एर्मोजेनेस चौकातल्या टपरीवर बसला होता. प्रश्न ऐकून तो गडगडाटी हसला.

"मागितलं होतं मी, नाही म्हणत नाही. असं पांढरं करडू लाखात एक. पण मागितलं होतं आईसकट! कोवळं पोर आईविना माझ्या गाडीत टाकलं तर दुपारपर्यंत मान टाकेल. चोर असेन हो मी, पण मूर्ख नाही. शेळी वाडग्यात ठेवून करडू कोण चोरतं?"

"अगदी हेच मला कळत नव्हतं," जेनेरोसा म्हणाली, आणि तिने त्याचे आभार मानले.

लिंदोल्फो आपल्या घराच्या फाटकातच भेटला. आल्देनोराच्या मयत नवऱ्याचा हा धाकटा भाऊ, मितभाषी आणि एकटा. दोन्ही हातांनी टोपी फिरवत तो फाटक अडवून उभा राहिला.

"करडू? नाही... म्हणजे, वहिनींचं वाईट झालं."

"काल रात्री कुणी येताना-जाताना दिसलं?"

"कुणी म्हणजे... परकं कुणी नाही."

ऊन डोक्यावर आले होते. बेलार्मिनोने घाम पुसला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. लिंदोल्फोच्या ते ध्यानातच येईना. कंटाळून बेलार्मिनो कुंपणावरून डोकावला. आतल्या काळोख्या कोपऱ्यात मोरिस्का उभी होती आणि एका काळ्या करडाचं ढुंगण मायेने चाटत होती. करडाचं डोकं तिच्या पोटाखाली.

"अरे वा! जुळं झालं होतं वाटतं?"

"अं? हो. हो... एक राहिलं," लिंदोल्फो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

वाटेत बेलार्मिनोचा राग बाहेर पडला. "काय माणूस आहे! या मुलखात दारात आलेल्या शत्रूलाही कॉफी विचारतात. आणि याने सावलीत बसा म्हटलं नाही. त्याचं करडूही त्याच्यासारखंच थंड."

"थंड कसं?"

"पायांत पांढरे मोजे, ऐटबाज आहे. पण अंगावर कातडी सुरकुतलेली. आणि लुचूलुचू पितंय, तरी शेपटी नुसती लोंबतेय. आळशी कुठलं!"

जेनेरोसाने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "बेलार्मिनो, गाडी थांबवा. चीजचा गोळा आज तुम्ही कमावलात."

*

तासाभराने सगळे आल्देनोराच्या ओसरीवर जमले. जेनेरोसाच्या निरोपावरून लिंदोल्फो मोरिस्काला दोरीने घेऊन आला होता. कवेत, पोत्याखाली झाकलेलं काहीतरी. जुसिलेनेने सुई खाली ठेवली.

"दोना आल्देनोरा, आधी वचन द्या. रडायचं नाही."

"दिलं."

"शेळीचं करडू चोरीला गेलं तर शेळी आभाळ डोक्यावर घेते. कास फुटेस्तोवर भरलेली असूनही तुमची प्रिन्सेझा रवंथ करत होती. म्हणजे करडू जाण्याआधीच तिने त्याला टाकलं होतं. का बरं? शेळी पोराला डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखते."

आल्देनोराचा हात हळूहळू तोंडाशी गेला.

"साबण," ती पुटपुटली.

"साबण. तुम्ही भक्तीने धुतलंत, पण त्याबरोबर आईचा वासही धुतला गेला. कुणीतरी रात्री हे पाहिलं. जबरदस्तीने पाजायला गेलं, तर प्रिन्सेझाने लाथ घातली. अजून लंगडतंय ते माणूस. मग बाटली करून पाहिली. करडाने तोंड लावलं नाही. ते पहाट पाहत नाही हे उघड होतं. आणि पलीकडे मोरिस्का पान्हा घेऊन टाहो फोडत होती."

"पण मोरिस्का लव्हेंडरवालं पोर कसं घेईल?" बेलार्मिनो म्हणाला.

"आपल्याकडे आजवर कसं घेतात? मेलेल्या करडाचं कातडं सोलून जित्याला अंगरख्यासारखं चढवतात. तुम्हीच पाहिलंत की! मोजे पांढरे, कारण पाय त्याचे स्वतःचे. कातडी सुरकुतलेली, कारण ती उसनी. आणि दूध पिताना शेपटी न हलवणारं करडू देवाने अजून घडवलेलं नाही. हलत नव्हती, कारण ती शेपटी त्याची नव्हती. त्याची स्वतःची आत दबली होती." ती लिंदोल्फोकडे वळली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून आम्हाला आत घेतलं नाहीत. नाहीतर या मुलखात कॉफीवाचून कोण परत जातं?"

लिंदोल्फोने पोतं बाजूला केलं. काळ्या अंगरख्यातून कापसासारखं डोकं बाहेर आलं. पोटाखाली निळ्या जाड दोऱ्याचे टाके होते.

सगळ्यांच्या नजरा झुल्याकडे गेल्या.

"जुसिलेने!" आल्देनोरा म्हणाली. "मला सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगू? तुमच्या हातूनच माईचं करडू मरायला टेकलंय म्हणून? रात्रभर रडला असतात. सबंध गल्लीने वर्गणी काढून तो डोळा केलाय, तो मी साबणापायी घालवू?" जुसिलेनेचा आवाज आता तितका तिखट नव्हता. "पहाटे आणणार होते परत. पण मोरिस्का नुकती कुठं पान्हावली होती. आणि मी उठेपर्यंत तुम्ही दूधगाडीत!"

"पण उद्या?" आल्देनोराने विचारलं. "मेलेल्या जनावराचं कातडं घालून माईपुढे कसं न्यायचं?"

हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. कातडं फार लवकर काढलं तर मोरिस्काही झिडकारेल, आणि मग या करडाला जगात आईच उरणार नाही.

"मोरिस्काचं दूध एव्हाना त्याच्या अंगात भिनलं असेल," जेनेरोसा म्हणाली. "पाहू या."

जुसिलेनेने कात्रीने टाके उसवले. पांढरं करडू थरथरत जमिनीवर उभं राहिलं. मोरिस्काने मान पुढे केली. हुंगलं. फुरफुरली, एक पाऊल मागे सरली. तिने पुन्हा हुंगलं, या वेळी शेपटीखाली, जिथं तिचंच दूध पचून आलेला वास होता. मग घशातल्या घशात हलकेच हुंकारली, आणि चाटू लागली.

करडाने धडक मारून कासेला तोंड लावलं. इवलीशी पांढरी शेपटी अशी काही हलू लागली, की ती तुटून पडते की काय असं वाटावं.

"मोरिस्काही चालेल उद्या मिरवणुकीत," लिंदोल्फो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे सर्वांत लांब बोलणं. "करडू दूध सुटेपर्यंत ठेव म्हणून राहील माझ्याकडे. माईची."

आल्देनोरा सुनेकडे वळली. "एक सांग. फीत माईच्या पायाशी तूच ठेवलीस ना? तू तर मानत नाहीस."

"नाहीच मानत," जुसिलेने म्हणाली. "पण कुणाची वस्तू उसनी न्यायची, तर सांगून न्यावी. एवढी रीत आहे मला."

आल्देनोरा हसू लागली. हसता हसता काळ्या चष्म्याखालून एक टिपूस गालावर आला.

"सासूबाई! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"रडायचं नाही म्हणाले होते," आल्देनोरा सुनेच्या रुमालाने तोंड पुसत म्हणाली. "हसायचं काही बोलले नव्हते."

लिंदोल्फो टोपी फिरवत बेलार्मिनोपाशी आला, खाकरला, पुन्हा खाकरला.

"कॉफी घेणार ना?" तो म्हणाला. "मघाशी द्यायची राहिली."