आधी विकणारा बसेल!

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही. वाटू नयेच! पटेल असं सांगणारे पुष्कळ पडलेत, त्यांच्याकडे जा. ज्यांना जुनी मोटारबोट विकत घ्यायची आहे त्यांनी मात्र जरा पुढे सरकून बसा. तुमच्या कामाचं यात बरंच आहे. आणि दारात शेंगा सोलत बसलेल्या त्या आजींची काळजी करू नका. त्यांना ऐकू कमी येतं. खोटं तेवढं बरोबर ऐकू येतं असं लोक म्हणतात, पण लोक काय, काहीही म्हणतात.

तर मावशीला बोट हवी होती.

मावशीची किनाऱ्यावर पिठाची गिरणी. डिझेल इंजिनावर चालणारी. जन्मभर त्या इंजिनाच्या वरताण बोलून मावशीचा आवाज असा झाला होता, की ती कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीतला न्हावी वस्तरा थांबवून "काय म्हणालात?" विचारायचा. समोरच्या बेटावर तिची थोरली बहीण राहायची. एकटी. शेळ्या, कोंबड्या आणि हट्ट सांभाळून. बेटावर जाणारी लाँच कायमची बंद पडली, आणि थोरलीचा मुलगा, म्हणजे मावशीचा भाचा, विमा कंपनीतून उठला तो थेट गिरणीत आला.

"मावशी, आईला मी माझ्याकडे आणणार. खालच्या मजल्यावर खोली आहे, पंखा आहे, खिडकी आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची भिंत. पण रंगवलेली आहे!"

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? तिच्यानं एकटीनं होत नाही आता. लाँच नाही, शेजार नाही. उद्या पडली-झडली तर?"

मावशीनं इंजिन बंद केलं. ती हे फार क्वचित करायची. भाचा जरा मागे सरला.

"माझी बोट बेटाला लागली तर अक्का तिथंच राहील. तू त्यावर ब्र काढायचा नाहीस."

"तुझी कुठली बोट?"

"घेईन!"

"आणि नाही लागली तर?"

"तर ने तिला. भिंत दाखव. पण तू माझ्याबरोबर यायचं. बोटीत बसून."

भाच्याचं हसू तिथंच विझलं. त्याला पाण्याची भीती होती. पेल्यातलं पाणीसुद्धा तो जरा तिरक्या नजरेनंच बघायचा. पण शब्द गेला होता.

जुन्या बोटी विकणाऱ्या माणसाला गावात साखरतोंड्या म्हणत. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये डांबराचा आणि ताज्या रंगाचा वास, भिंतीला टांगलेल्या करवती, डबे भरभरून गंजके नटबोल्ट. बाहेर ऊन असं, की सावलीलाही घाम फुटावा. आणि हा गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाडजूड कोट घालून उभा!

"या मावशी! बोट कसली, लेक आहे माझी. जड अंतःकरणानं देतोय."

"लेकीला बघू दे मग," मावशी म्हणाली, आणि तिनं पदर खोचला.

आता नीट ऐका. मावशीनं आधी रंग बघितला. नवा रंग सगळीकडे असेल तर ती हौस. एकाच जागी असेल तर ते पाप. इथं सगळीकडे होता. मग जात्याला टाकी लावायची हातोडी काढून तिच्या दांड्यानं ती तळाच्या फळ्या बाहेरून ठोकत निघाली. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं घसा बसल्यासारखं. बऱ्याच फळ्या खणखणीत बोलल्या. मधला भाग लाकडी घोडीवर टेकला होता, तिथं हात पोहोचेना. बोटीचा मागचा, पाणी कापणारा पंखा धरून तिनं हलवला: खुळखुळा नाही. सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं: कुठं अडकलं नाही. मग ती इंजिनावर वाकली आणि तिनं चक्क गाल टेकवला!

"हे काय?" भाचा म्हणाला.

"कोमट असलं तर समजायचं, यानं सकाळी गुपचूप चालवून ठेवलंय. थंड इंजिन पहिल्या फेरीत उठतं का, ते बघायचं असतं."

इंजिन थंड होतं. मावशीनं तेल चिमटीत घेतलं, पीठ बघतात तसं चोळलं. पांढुरकं असेल तर आत पाणी शिरलं म्हणून समजा. काळंभोर होतं. हँडल मारलं. पहिल्या फेरीत उठलं!

बोटीच्या मधोमध पोत्यांची नीटस थप्पी होती.

"ही काय?"

"वाळू, मावशी. बोट डुलू नये म्हणून."

मावशीचा हात पुढे झाला आणि आपोआप मागे आला. गिरणीत दुसऱ्याच्या पोत्याला हात लावायचा नाही, हा नियम तिनं हयातभर पाळला होता. गिऱ्हाईक खुशाल पोतं ठेवून बाजाराला जायचं ते त्याच भरवशावर. सगळी बोट तपासली, पोती तेवढी उचलली नाहीत. तिथं ती चुकली!

"छान," ती म्हणाली. "चला, बेटापर्यंत चालवून बघू. आधी विकणारा बसेल."

साखरतोंड्याच्या तोंडातली साखर विरघळली. "मी? मला समुद्र लागतो हो."

"मग किनाऱ्यावर दुकान कशाला टाकलंस? ज्यात तू बसत नाहीस त्यात मी बसणार नाही. बस!"

तो बसला. अगदी काठाशी, एका हातानं कोटाचं वरचं बटण धरून.

सुरुवातीला समुद्र तव्यासारखा सपाट होता. बोटीच्या कुशीतल्या नळीतून इंजिन थंड करून आलेलं पाणी पिचकारीसारखं उडत होतं, मागं फेसाचा लांबच लांब पट्टा उलगडत होता, आणि किनाऱ्यावरची गिरणी काडेपेटीएवढी झाली होती. बेट समोर निळसर दिसत होतं. भाच्यानंही एक डोळा उघडला.

आणि पिचकारी थांबली!

"नळी तुंबली! इंजिन तापणार!" मावशी ओरडली. तिनं इंजिन बंद केलं, पाणी ओढणारी नळी खसकन उपटली, तोंडाला लावली आणि फुंकली. दुसऱ्या टोकातून टपकन एक खेकडा पडला. नांग्या उगारून त्यानं तिघांकडे असं बघितलं, जणू भाडं वेळेवर देत असताना त्याला घराबाहेर काढलं होतं.

"हा पण सौद्यात धरायचा का?" मावशीनं विचारलं.

साखरतोंड्यानं आभाळाकडे बघितलं.

इंजिन पुन्हा उठेपर्यंत पाण्याच्या ओढीनं आपलं काम केलं होतं. बोट 'जात्या'कडे सरकत होती. किनाऱ्यावरचे लोक त्या भोवऱ्याला जातं म्हणतात, कारण त्यात गेलेल्या होडीचं काय होतं ते फळकुटांवरूनच कळतं. पाणी गोल फिरत होतं. मध्ये काळा खड्डा. घरघर ऐकू येत होती!

"उलट फिरव! मावशी, उलट फिरव!" साखरतोंड्या किंचाळला.

"गप! जात्याशी मला शिकवतोस?"

तिनं बोटीचं तोंड, भोवरा फिरत होता त्याच दिशेनं वळवलं. पूर्ण वेग! बोट फिरली. पुन्हा फिरली. बेट, किनारा, बेट, किनारा! भाचा दोन्ही हातांनी फळी धरून विम्याच्या अटी पाठ म्हणत होता. "अरे, जात्याच्या मधोमध कोणी अडकून राहतं का?" मावशी गरजली. "पीठ नेहमी कडेनं बाहेर पडतं!" बोट घेरामागून घेर घेत कडेला आली, मावशीनं सुकाणूवर सगळं अंग टाकलं, आणि जात्यानं बोट अशी भिरकावली, की दोन माशांना अंग चोरून वाट द्यावी लागली. पाण्यातल्या नव्हे. उडणाऱ्या!

मावशी हसली. मग तिचं हसू थांबलं.

साखरतोंड्या पोत्यांकडे बघत होता. कुठंही काही झालं नव्हतं, आवाज नव्हता, ओल नव्हती, आणि हा डोळे फाडून एकाच जागी बघत होता.

"काय आहे त्याखाली?"

"वाळू."

"वाळूखाली?"

उत्तर समुद्रानं दिलं. खालून कडकन आवाज आला, पोती हलली, आणि त्यांच्यामधून पाण्याचा झोत भाच्याच्या हनुवटीला लागला! मावशीनं या वेळी नियम मोडला. धडाधड पोती उचलून समुद्रात फेकली. खाली कुजकी फळी, फळीवर थापलेलं सिमेंट, सिमेंटला तडा, आणि तड्यातून आत येणारा समुद्र!

"कोट काढ," मावशी म्हणाली.

"सर्दी होईल हो मला..."

"काढ!"

बटणं तुटली. कोटाच्या आत नारिंगी रंगाचं, फुगलेलं, कोरं करकरीत जीवरक्षक जाकीट!

क्षणभर पाणीसुद्धा आत यायचं थांबलं असेल.

"लेक म्हणालास ना?" मावशी कुजबुजली. पलीकडच्या गल्लीतला न्हावी दचकला असणार. तिनं ते जाकीट ओरबाडून काढलं, गुंडाळी करून भोकात कोंबलं, आणि साखरतोंड्याला खांद्याला धरून त्यावर बसवलं. "इथं बस. उठलास तर चौघंही बुडू."

"चौघं?"

"खेकडा धर की!"

पण पाणी इंजिनात शिरलं होतं. इंजिन खोकलं, थरथरलं, गप्प झालं. बेटाचा धक्का हाकेच्या अंतरावर, आणि ओढ बोटीला बाजूच्या खडकांवर नेत होती. वल्हं एकच. मावशीनं ते असं मारलं, की मोडलं! तिनं उरलेला दांडा समुद्रावर उगारला. "नाही नेऊ देणार! ऐकतोस काय? नाही म्हणजे नाही!"

खडक जवळ आले. फेस अंगावर उडाला. आणि तेव्हा, मंडळी, भाचा उठला! सदरा भिरकावला, दोरी दातात धरली आणि घेतली उडी! एक हात, दुसरा हात, सपासप पाणी कापत, मागं ती अख्खी बोट दातानं ओढत तो वाघासारखा पोहत...

"खोटं!"

दारातल्या आजींनी शेंगांचं टोपलं खाली ठेवलं.

"हा पोहला? हा? बादलीत अंघोळ करताना हा कडी धरून बसतो! डोळे मिटून बोटीच्या तळाशी बसला होता, खेकडा मांडीवर घेऊन. दोरी मी फेकली, धक्क्यावरून. धाकटीनं झेलली. आणि ओढली मी, खांबाला पाय लावून. हे बघा तळहात. अजून वळ आहेत."

कोपऱ्यात बसलेला भाचा आपल्या चपलेचा अंगठा निरखू लागला.

"आणि धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या हा काय म्हणाला, ते नाही सांगितलं या गोष्ट सांगणाऱ्यांनी. थरथरत उभा, ओठ निळे, आणि म्हणतो, आई, आता तुझ्यानं एकटीनं होत नाही!" आजींनी पुन्हा टोपलं मांडीवर घेतलं. "मी दोरी त्याच्या हातात दिली. म्हटलं, बांध मग तूच. त्याला गाठ येईना. मीच मारली. अजून तीच आहे, जा, बाहेर धक्क्यावर जाऊन बघा. सुटते का कोणाच्यानं!"