न विचारता वाजलेला भोंगा

"मी काकांना सोडणार नाही! सगळ्यांसमोर माझ्या आईला माफी मागायला लावली!" विकी जिन्यातल्या भिंतीवर मूठ आपटत म्हणाला.

मालाडच्या त्यांच्या इमारतीची गच्चीवरची टाकी काल भर दुपारी रिकामी झाली होती. सेक्रेटरी मार्तंडकाकांनी खापर फोडलं ते विकीवर. का, तर तो गच्चीवर खेळतो! ना चौकशी, ना पुरावा, आवाज तेवढा मोठा! वर सुट्टीभर त्याला गच्ची बंद.

"पण मग आपला भोंगा का नाही वाजला?" त्याच्या मैत्रिणीने, उत्तराने विचारलं. पाणी संपत आलं की वाजणारा टाकीवरचा भोंगा या दोघांनी आणि शेजारीच उभ्या असलेल्या केतनने मिळून बनवला होता. त्यातल्या इवल्याशा चिपचा प्रोग्रॅम उत्तराचा.

केतन उडालाच. "अगं, काकांची अट! प्रोसेसर आधी त्यांच्या मोबाइलवर विचारणार, ते 'हो' म्हणाले तरच भोंगा. म्हणजे त्यांनीच 'नाही' दाबलं!"

"आणि काल सगळ्यांचे नळ कोरडे, पण त्यांच्या गच्चीवरच्या कुंड्या चिंब! मी पाहिल्यात," उत्तरा म्हणाली.

"चोर तर चोर, वर शिरजोर!" विकीचे कान लाल झाले. "वाट लावू त्यांची!"

"लावू ना. या वेळी प्रोसेसरला विचारायचंच नाही," उत्तरा म्हणाली.

"तोच तर चिपचा मेंदू ना?" विकीने विचारलं.

"हो रे, पण आत बाकीचे भागही असतात. चिपच्या पिनेवर, म्हणजे वायर जोडतो त्या पायावर, काही झालं की ती थेट टायमरला खूण करू शकते, आणि टायमर भोंगा वाजवतो. वर्गात मॉनिटरला न विचारता आपण शेजारच्याला कोपर मारतो ना, तसं! जोडणी एकदाच करून द्यायची."

टाकीतून काकांच्या कुंड्यांकडे एक पाइप जात होता. त्याच्या व्हॉल्व्हखाली केतनने एक बटण बसवलं आणि त्याची वायर चिपच्या पिनेला जोडली. व्हॉल्व्ह फिरला की बटण दाबलं जाणार!

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली आणि भोंगा बोंबलला! अख्खी बिल्डिंग गच्चीवर धावली. बंदी झुगारून विकी सगळ्यात पुढे! काकांचा एक हात व्हॉल्व्हवर होता आणि दुसऱ्या हाताने ते मोबाइलवर 'नाही', 'नाही' दाबत होते.

"कितीही दाबा, काका!" उत्तरा ओरडली. "प्रोसेसर तुमचं ऐकतोय, पण भोंगा त्याला विचारतच नाहीये!"

काकांचा चेहरा पडला. "परवा पाणी सोडलं आणि डोळा लागला हो... मोबाइल वाजला, झोपेत 'नाही' दाबलं गेलं."

"आणि पोराच्या माथी मारलंत?" तिसऱ्या मजल्यावरच्या मधुवंतीआजी कडाडल्या. "शाब्बास रे पोरांनो! अक्कल आहे ती तुम्हालाच!"

काकांनी विकीच्या आईची, प्रेमाताईंची, सगळ्यांदेखत माफी मागितली. विकीला इतकं बरं वाटलं की त्याला जोरात हसावंसं वाटलं.

"आता तरी बंद कर रे तो भोंगा!" काका काकुळतीला आले.

विकीने वायरला हात घातला, तोच आई म्हणाली, "थांब. यांच्या मिसेस, शर्मिष्ठाकाकू, अजून जिना चढताहेत. त्या येऊ देत, माफी पुन्हा एकदा होऊ दे, मग बंद कर."