रोज वीस वेळा हसायचं

ज्या माणसाकडे बघून मी बावन्न दिवस हसले, तो मला त्रेपन्नाव्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

सकाळचे सात वाजले होते. मी नेहमीसारखी रेकॉर्ड रूमच्या खिडकीसमोर उभी होते, ओठ ताणून, मनात आकडे मोजत. अकरावं हसू चाललं होतं. थंडी सरत आली होती, त्यामुळे सातला बाहेर जो काळोख असायचा तो त्या दिवशी नव्हता… आणि काचेत माझ्या चेहऱ्याऐवजी एक उंच, दाढी वाढलेला माणूस दिसत होता. गल्लीपलीकडच्या खिडकीत. त्याच्या हातात एक कृत्रिम पाय होता, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता — रोजच्या ओळखीचं हसतात तसं.

माझं अकरावं हसू अर्ध्यातच गळून पडलं. मी खाली वाकून फायली शोधायचं सोंग केलं.

इथे जरा मागचं सांगायला हवं, नाहीतर माझं डोकं फिरलंय असं वाटायचं. थंडी सुरू होण्याआधी एका सकाळी मी चूळ भरली आणि सगळं पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून गळून अंगावर आलं. डावी पापणी मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेचा लकवा. बहुतेकांचं तीन महिन्यांत सुधारतं. सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं आपलं, पुढे फारशी आशा धरू नका.

मी तेव्हा हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर होते, सहा वर्षं. तिथे येणारा माणूस सहसा आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस घेऊन येतो आणि आपण त्याला फक्त मजला सांगायचा असतो. मी हसून सांगायचे. त्यात माझा मोठेपणा काही नाही, तोंडच तसं होतं. एक आजोबा, बायको अतिदक्षता विभागात असताना, रोज दोनदा येऊन तोच प्रश्न विचारायचे. शेवटी मी म्हटलं, "आजोबा, तिसरा मजला. अजूनही तिसराच."

"माहीत आहे गं," ते म्हणाले. "तू सांगितलंस की जिना चढवतो."

लकव्यानंतर आठ दिवसांनी एक बाई आली. तिचा नवरा पहाटे गेला होता, ती कागद न्यायला आली होती. मला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर यायला गेलं, आणि माझ्या एकाच गालानं काय आकार घेतला कोण जाणे. ती बघत राहिली. म्हणाली, "माझा माणूस गेलाय, आणि तुम्ही तोंड वेडावताय?" ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली. त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि माझ्याच सोयीसाठी म्हणून तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथे बऱ्या झालेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या फायली एकाच मांडणीवर असतात आणि कुणीही तोंडाकडे बघत नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं : रोज वीस वेळा हसायचं, प्रत्येक वेळी दहा आकडे होईपर्यंत धरायचं, आरशात बघून. घरातला आरसा मी आईला सांगून कपाटामागे टाकला होता. आरसा फार खरं बोलतो. इथे सकाळी बाहेर काळोख आणि आत ट्यूबलाइट, त्यामुळे खिडकीच्या काचेत चेहरा मोघम दिसायचा, कामापुरता. समोर काय आहे ते मला दिसायचं नाही. समोरून मात्र मी लख्ख दिसत असणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दहा वाजता तो माणूस दारात उभा. आमच्याकडे सगळे त्याला पायवाला म्हणायचे. समोरचा कारखाना त्याचा, कृत्रिम पाय बनवायचा.

"एका पेशंटच्या ऑपरेशनचा कागद हवा होता," तो म्हणाला. चिठ्ठी पुढे केली. मग जायचं सोडून टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "आज… मध्येच थांबलात. माझं काही चुकलं का?"

"काय चुकणार?" मी हनुवटी रुमालानं झाकली.

"नाही, रोज वीस असतात. आज साडेदहाच झाली. मला वाटलं, हातात तो पाय होता म्हणून भ्यालात. लोक भितात. तुटलेला वाटतो त्यांना."

"तुम्ही मोजता?"

"मापं घेणं हा धंदाच आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. एवढा दांडगा माणूस असा लाजताना बघून मला हसू यायला लागलं आणि मी रुमाल आणखी घट्ट धरला.

मग त्यानं, उभ्या उभ्याच, सांगून टाकलं. वडील आणि तो मिळून कारखाना चालवत. वडील एका दुपारी कामाच्या टेबलावरच गेले, हातातला साचा अर्धा ओला होता. तो साचा त्यानं फोडला नाही की पुरा केला नाही. सोळा दिवस कारखान्यात जाऊन नुसता बसायचा. विकायचं ठरलं होतं, गिऱ्हाईकही आलं होतं. "आणि विकून काय करायचं होतं ते… ते तुम्हाला नको सांगायला. सतराव्या सकाळी पडदा सारला तर समोर तुम्ही हसत होतात. मला वाटलं, चुकून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी रोज यायला लागलो. नुसतं बसून काय बघायचं, म्हणून हातात काम घ्यायला लागलो."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "कागद दुपारी मिळेल."

दुपारी तो पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कागदासाठी आला. आठवड्याभरात त्याच्याकडे इतके कागद झाले की आमचा शिपाई म्हणाला, हा काय घराला चिकटवतोय काय. मग कागदाचं निमित्त गेलं आणि कॅन्टीनमधला चहा आला. मी गर्दीत चहा पीत नव्हते, डावीकडून ओघळायचा. पहिल्याच दिवशी मी भिंतीकडे डावा गाल करून बसले. तो उठला, खुर्ची ओढून भिंत आणि माझ्यामध्ये कसाबसा मावला.

"तिकडे कशाला अडकून बसताय?"

"इकडून छान दिसता."

"खोटं बोलायची सवय आहे वाटतं."

"पायाच्या धंद्यात खोटं चालत नाही. अर्धं बोट चुकलं तरी माणूस पडतो." त्यानं कप फिरवला. "ही बाजू काम करत नाही हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. एक बाजू सगळं ओझं घेते, दुसरी नुसती सोबत असते. मग मला वाटलं… एवढं अवघड असताना ही बाई रोज माझ्यासाठी इतकं करते. सोप्पं हसणारे पुष्कळ आले होते हो सांत्वनाला."

मी कप खाली ठेवला.

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं, आणि त्यालाही खरं सांगणार म्हणाले. आई भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"बुडत्याला काडीचा आधार असतो. तू काडी ओढून घ्यायला निघालीस?"

"काडी तिथे नव्हतीच ना, आई."

"तो तरंगला ना? मग होती." मग देठं गोळा करत म्हणाली, "पण लग्न करायचं असेल तर सांग. नाहीतर जन्मभर त्याच्यापुढे अपराध्यासारखी वावरशील, आणि तुला ते झेपायचं नाही. तोंड वाकडं झालं तरी स्वभाव सरळच राहिलाय तुझा, काय करणार."

मी आणखी दीड महिना काढला. सुखाचा म्हणेन, लाज वाटते तरी म्हणेन. मी सकाळी हसायचे, आता खरंच त्याच्याकडे बघून, पण पहिल्या बावन्न दिवसांचं कर्ज प्रत्येक हसण्याखाली असायचं. डाव्या ओठाचा कोपरा जरासा हलायला लागला होता. त्याला आधी दिसलं. गल्ली ओलांडून धावत आला, स्वेटर उलटा घातलेला.

"हललं."

"वाऱ्यानं हललं असेल."

"थट्टा नको. मी पाहिलं." मग श्वास सावरून, एकदम, "आपण… तू माझ्या घरी येशील का? कायमची? मी रीतसर तुझ्या आईंना विचारीन. पण आधी तुला विचारतो."

पहिल्यांदाच तो मला "तू" म्हणाला होता. मला हो म्हणायचं होतं, जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "आधी मला एक सांगू दे."

आणि सांगितलं. काळोख, ट्यूबलाइट, काच. बाईंनी सांगितलेला आकडा. "मी तुझ्याकडे बघतच नव्हते. मला तू दिसतच नव्हतास. मी माझंच तोंड बघत होते."

त्यानं मांडणीवरची एक फाईल उगीचच सरळ केली.

"बावन्न दिवस?"

"हो."

"म्हणजे मी तिथे नसतो, तरी तू…"

"तरी हसलेच असते. वीस वेळा."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. अगदी सभ्यपणे, परक्या बाईशी बोलावं तसा. जाताना दार हळू लावून गेला.

दुसऱ्या सकाळी समोरचा पडदा बंद होता. तिसऱ्या सकाळीही. मी व्यायाम सोडला नाही, पण आता लवकर उजाडत होतं आणि काचेत चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त पडदा. मला खरी भीती त्याच्या रागाची नव्हती. सतराव्या सकाळी तो कशातून उठला होता, ते त्यानं मला सांगितलं नव्हतं आणि मला समजलं होतं. मी दुपारी कान देऊन ऐकायचे. गल्लीपलीकडून कानस घासल्याचा आवाज आला की जेवण जायचं, नाही आला की डबा तसाच परत. आई डबा उघडून बघायची आणि पुन्हा झाकण लावायची.

तीन आठवडे असे गेले. आवाज बहुतेक दिवशी यायचा. दोन दिवस आला नाही, ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत.

सहा महिने भरले त्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी माझ्या ओठांवर पट्टी धरून माप घेतलं, वहीत मागचे आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "डोळा मिटतो, चहा सांडत नाही. पण हसणं… हे असंच राहील. पुष्कळ मेहनत केलीत. आता थांबलात तरी चालेल."

मी बाहेर आले आणि रेकॉर्ड रूमकडे न वळता गल्ली ओलांडली.

कारखान्याचं दार उघडंच होतं. आत भिंतीला ओळीनं पाय टांगलेले, जमिनीवर प्लास्टरची पांढरी धूळ. तो एकटाच होता. कोपऱ्यात अर्धा राहिलेला साचा अजून तसाच होता. तो स्वतः बराच रोडावला होता, आणि दाढी करण्याइतकीही पर्वा नाही असं त्याचा चेहरा म्हणत होता.

"कागद हवाय का?" मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"नको."

"माझे सहा महिने झाले आज. बाई म्हणाल्या, हे एवढंच. आता सुधारणार नाही."

त्यानं कानस खाली ठेवली. "वाईट झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"मग आता मला हसायचं काही कारण उरलं नाही. व्यायाम संपला. म्हणून आले."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिले, रुमाल न धरता, आणि हसले. उजवा गाल वर गेला. डावा जेवढा जातो तेवढा गेला. कसं दिसत होतं ते मला ठाऊक होतं.

तो हसला नाही.

"मला अजून राग आहे," तो म्हणाला. "तुझ्यावर नाही. कुणावर ते कळत नाही. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि मी मात्र उठलो, कारखाना विकला नाही, चौदा माणसं पायावर उभी केली. ते सगळं माझ्या एका चुकीवर. त्याचं काय करायचं ते मला समजत नाही."

"मलाही नाही समजत."

"रोज सकाळी पडद्यापाशी जातो आणि परत येतो."

"मला इथून आवाज आला नाही की मी जेवत नाही."

त्यानं वर पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं हसतोय, पण तो रडत होता. वडील गेल्यावर हा माणूस एकदाही रडला नव्हता, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी जवळ गेले आणि त्याची धुळीनं पांढरी झालेली बाही धरली. माझेही डोळे भरले, आणि डावा डोळा लवकर आवरत नाही, वाहतच राहतो. तरी मी तोंड तसंच ठेवलं.

"आज मला जमणार नाही," तो म्हणाला, नाक पुसत. "उद्याचंही सांगत नाही. पण तू… तू हसायची थांबू नकोस."

माझा गाल दुखायला लागला होता. मी थांबले नाही.