चहा संपेपर्यंत

खिंडीपलीकडे दादाची तुकडी होती आणि वादळ येतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. धारेवरच्या बिनतारी पेटीची बॅटरी बसली होती. ती बदलल्याशिवाय तळावरचा निरोप पलीकडे पोचणार नव्हता. म्हणून नवी बॅटरी घेऊन मी आणि वहिनी निघालो होतो.

घळीत माझा पाय सटकला. धाडकन खाली! दगड, बर्फ, पुन्हा दगड. थांबलो तो उभ्या कड्याच्या पायथ्याशी. लगेच उठायला गेलो, तर वहिनीने खांदा दाबून मला बसवलं आणि थर्मास उघडला.

पडलेल्या माणसाने चहा संपेपर्यंत उठायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. दादानेच घालून दिलेला. माझं डोकं फिरलं.

“काही दुखत नाहीये, वहिनी. उलट एकदम ताजंतवानं वाटतंय.”

“म्हणूनच बस.” वहिनी पेशाने डॉक्टर. “मार बसला की मेंदू आपलं आपणच वेदनाशामक सोडतो, जीव घेऊन पळता यावं म्हणून. ते ओसरलं की खरं काय ते कळेल.”

“तिकडे दादा अडकलाय.”

“माझा नवराही आहे तो. पी.”

वर ढग काळवंडत चाललेले, आणि मी कपात फुंकर मारत बसलेलो! इतका वैताग मला आयुष्यात आला नव्हता. कडा दोराने चढलो असतो तर पेटी लगेच गाठता आली असती.

दुसरा कप अर्धा झाला आणि घोट्यातून कळ निघाली. अशी कळ, की कप हातातून सुटला. बूट काढला तर पाऊल भलतीकडेच वळलेलं. हीच कळ कड्यावर आली असती तर त्याच दोराला बांधलेली वहिनीही माझ्याबरोबर खाली आली असती. मी पाय तिच्यापुढे केला.

तिने पाय घट्ट बांधला, बॅटरी पाठीवर घेतली. “तार कुठली आधी?”

“काढताना काळी आधी. लावताना लाल.”

ती वळशाच्या वाटेने एकटी गेली. मी पडल्या पडल्या पायाला, चहाला आणि त्या लबाड मेंदूला शिव्या घालत राहिलो. आता कसा हात आखडता घेतला होता त्याने! वारा सुटला. बर्फ भुरभुरू लागलं. हातातला वॉकीटॉकी मुकाच.

आणि खरखर झाली!

“वादळाचं कळलं. आडोशाला शिरतोय,” दादाचा आवाज आला. “तळावरून तुमच्याकडे माणसं निघालीत. तिने सांगितलं सगळं. पडलास म्हणे?”

“पडलो.”

“चहा घेतलास?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने आणि सुटकेनेही.

“घेतला,” मी दात आवळून म्हणालो. “पुढच्या वेळी साखर तरी घालायला सांग.”