एकोणीस सेंटिमीटर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्टुलावर उभा राहून आमचं व्हॉलीबॉलचं नेट मोजत होता, तेही शिंप्याच्या टेपनं. टेप दीड मीटरची, नेट त्याहून बरंच उंच, त्यामुळे मध्ये बोट धरून ती दुसऱ्यांदा लावावी लागत होती. हॉलच्या पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज, की मी दोनदा हाक मारली तरी त्याला पत्ता नाही. तिसऱ्यांदा मी स्टुलाला हळूच लाथ मारली.

"ओ, नेटला सदरा शिवताय का?"

तो दचकला, पण पडला नाही. "तुम्ही मुलींच्या टीममधल्या ना?"

"कॅप्टन."

"मग हे नेट तुमचं नाही. हे दोन मीटर त्रेचाळीस आहे, मुलांचं. तुमचं दोन मीटर चोवीसवर लागतं. एकोणीस सेंटिमीटर जास्त आहे हे."

"माहितीये. उंच नेटवर सराव केला की हात तयार होतो."

"असं कोण म्हणतं?"

"खेळाचे सर म्हणतात."

"मग मुलांचं नेट अजून एकोणीस सेंटिमीटर वर का नाही नेत? त्यांचेही हात होतील तयार."

तीन वर्षांत हा साधा प्रश्न आपल्याला सुचला नाही, याचा मला राग आला, आणि तो मी त्याच्यावरच काढला. "आमची वेळ सुरू झालीये. उतरा खाली."

तो कॉलेजच्या क्रीडा विभागाचा नवा स्टोअरकीपर होता. आधी मामाच्या टेलरिंगच्या दुकानात कापड बेतायचा. तिथून येताना गळ्यातली टेप तशीच घेऊन आला. आल्या आल्या त्यानं स्टोअरमधली प्रत्येक वस्तू मोजून काढली. आमच्या मुलींनी दोन दिवसांत त्याचं नाव ठेवलं – मोजमाप.

आमची वेळ पाच ते पावणेसहा. आमच्या आधी मुलांची पहिली टीम, आमच्यानंतर मुलांची दुसरी टीम. नेट खाली घ्यायचं तर खांबाचं हँडल सरांच्या कपाटातून मागून आणायचं आणि गंजलेला स्क्रू फिरवत बसायचं. खाली घ्यायला दहा मिनिटं, परत वर न्यायला दहा. मग खेळायचं कधी? म्हणून आम्ही उंच नेटवरच खेळायचो आणि दर वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून परत यायचो. यंदा क्रीडा समितीनं स्पष्ट सांगितलं होतं – पहिली फेरी जिंकली नाही, तर मुलींची टीम बंद, आणि ती पाऊण तासाची वेळ मुलांना. माझं शेवटचं वर्ष. टीम माझ्या हातून बंद पडणार होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही आलो तर नेट खाली आलेलं. खांबावर तेल चकाकत होतं आणि दोन चोवीसवर लाल रंगाची रेघ ओढलेली होती. मोजमाप हातात हँडल घेऊन भिंतीला टेकला होता.

"सरांचं कपाट फोडलंत की काय?"

"हँडल स्टोअरच्या यादीत आहे. मी फक्त यादी वाचली," तो म्हणाला. "आता दोन मिनिटांत खाली येतं, दोन मिनिटांत वर जातं. मीच करत जाईन."

आणि त्या दिवशी आमची चांगलीच फजिती झाली! नेट बुटकं झालं तरी एकीलाही स्मॅश मारता येईना. तीन वर्षं आम्ही बॉल कसाबसा पलीकडे ढकलत होतो. उडी मारून हात सोडायचा असतो हे अंगच विसरलं होतं. मी मारलेला पहिला बॉल थेट मागच्या भिंतीवर जाऊन आदळला.

"भिंत पंधरा मीटरवर आहे," तो शांतपणे म्हणाला. "लाइन तिच्या बरीच अलीकडे आहे."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही… म्हणून सांगितलं."

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. मी घरून वीस मिनिटं आधी निघायला लागले. आई म्हणाली, "सराव पाचला ना? मग साडेचारपासून आरशासमोर काय चाललंय?" मी म्हटलं, वॉर्मअप. मला तो आवडायला लागला होता. झोप उडाली, भूक गेली, असलं काही झालं नाही. मी व्यवस्थित जेवत होते. फक्त तो हँडल फिरवताना त्याच्या मनगटाकडे बघायचं नाही असं रोज ठरवायचे, आणि रोज बघायचे.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना बॉल लागून माझं बोट सुजलं. सराव संपल्यावर त्यानं मला स्टोअरच्या पायरीवर बसवलं आणि बोटाला पट्टी बांधायला घेतली. पाऊस तिरपा येत होता. त्याचे केस पुढे आले होते, आणि तो पट्टी इतकी जपून गुंडाळत होता, जणू बोट उसनं आणलंय.

"घट्ट झालं?"

"नाही."

"आता?"

"नाही… गुंडाळा अजून."

एका बोटाला किती पट्टी लागते? आम्ही वीस मिनिटं तिथे होतो. शेवटी तो मान खाली घालून म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं –"

तेवढ्यात हॉलमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नेट!" तो म्हणाला आणि धावला.

झालं असं, की मुलांचा खेळ बघायला चार वाजता येणारे विद्यापीठाच्या निवड समितीचे पाहुणे पावणेसहाला आले होते. सरांनी घाईघाईनं मुलांची पहिली टीम मैदानात उतरवली. मुलं काय खेळली! एकेक स्मॅश दणदणीत. सर छाती फुगवून उभे. बॉल वर देणाऱ्या सेटरला म्हणे नेटची शंका आली होती, पण एवढ्या टाळ्या पडत असताना कोण बोलणार? पाहुणे मात्र उठून नेटपाशी गेले, हात वर केला आणि मोजपट्टी मागितली. दोन मीटर चोवीस!

दुसऱ्या दिवशी प्राचार्या मॅडमच्या खोलीत चौकशी. एका बाजूला सर, एका बाजूला मोजमाप, आणि न बोलावता घुसलेली मी.

"कॉलेजची अब्रू गेली," सर म्हणाले. "याला काढा. आणि यापुढे नेट वरच राहील, हँडल माझ्याकडे."

मी मनात दिवस मोजले. सात दिवस उंच नेटवर, आणि मग पहिली फेरी… संपलंच सगळं.

मॅडमनी त्याला विचारलं, "नेट वर का नेलं नाही?"

"विसरलो, मॅडम. चूक माझी आहे."

"वीस मिनिटं करत काय होतात?"

तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"माझ्याशी बोलत होता," मी म्हटलं.

"तुम्ही यात पडू नका," तो पुटपुटला.

"तू गप्प बस ना जरा!"

मॅडमचं पेन थांबलं. सरांनी छताकडे पाहिलं. माझे कान तापले, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"मॅडम, आम्ही तीन वर्षं मुलांच्या नेटवर खेळलो. रोज. कोणी मोजलं नाही. मुलं एक दिवस आमच्या नेटवर खेळली, तर चौकशी लागली. याला काढणार असाल तर काढा, पण त्या तीन वर्षांसाठी कोणाला काढणार, तेही लिहा."

मॅडमनी सरांना विचारलं, "तीन वर्षं?" सर म्हणाले, "उंच नेटवर हात…" आणि वाक्य त्यांनी स्वतःच सोडून दिलं.

मोजमापला लेखी ताकीद मिळाली. आम्हाला सलग दोन तास मिळाले, आणि हँडल हॉलच्या भिंतीवर, सगळ्यांचा हात पोहोचेल अशा खिळ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः नेट खाली घेतलं. लाल रेघेवर बरोबर आणून थांबले.

पहिली फेरी आम्ही तिसऱ्या सेटमध्ये जिंकली. शेवटचा पॉइंट माझा. सेटरनं बॉल उंच दिला, मी उडी मारली, आणि ढकलला नाही, मारला. बॉल लाइनच्या चांगला वीतभर अलीकडे पडला. आमच्या मुली किंचाळत अंगावर आल्या आणि त्या गर्दीत मी चक्क रडले. टीम राहिली. दुसऱ्या फेरीत आम्ही सपाटून हरलो, पण तोवर माझा घसा बसला होता आणि काळजी मिटली होती.

संध्याकाळी स्टोअरच्या पायरीवर तो बसला होता. मीही जाऊन बसले, जरा अंतर ठेवून.

"त्या दिवशी टाळ्या वाजल्या आणि सांगायचं राहून गेलं," तो म्हणाला.

"आता कोणी टाळ्या वाजवत नाहीये."

"तू… मला फार आवडतेस."

"मलाही तू," मी बसलेल्या घशानं म्हटलं. "मग एवढ्या लांब का बसलायस?"

त्यानं आमच्या मधल्या जागेकडे पाहिलं आणि सवयीनं हात गळ्याकडे नेला. गळा रिकामा होता. "किती आहे कोण जाणे… टेप आत राहिली."

"राहू दे," मी म्हटलं. "अंदाजानं कमी कर."