ओळखीचा लाडू

त्या काळी जगात गुन्हे पुष्कळ होते, गुन्हेगार मात्र एकही उरला नव्हता.

इचलकरंजीच्या मालनकाकू कोष्टींना याची गंधवार्ता नव्हती. दर बुधवारी त्यांच्याकडे कुरिअरने स्टीलचा डबा यायचा. आतली सीलबंद बाटली चाळीस मिनिटं उन्हात ठेवायची आणि डबा पुढे पेरू नावाच्या देशात धाडायचा, एवढंच काम. मोबदल्यात यजमानांच्या, श्रीपतींच्या, गोळ्या घरपोच. जन्मभर यंत्रमागावर कापसाची धूळ गिळून त्यांची फुप्फुसं गेली होती. गोळ्या सुरू झाल्यापासून ते जिना चढू लागले, वर पोचून शेजाऱ्यांशी भांडूही लागले. पेरू पाण्याच्या टाकीच्या दिशेला आहे असं कुरिअरवाल्याने सांगितल्यापासून काकू रोज सकाळी टाकीला हात जोडत.

एका बुधवारी, बाटली खिडकीत तापत असताना, पोलिसांच्या कणगुन्हा शाखेतल्या गणितज्ञ डॉ. फर्झाना मुजावर आल्या. चहा होईपर्यंत त्यांनी समजावलं. एक यंत्र अख्ख्या चोरीचे सात हजार तुकडे करतं आणि जो तुकडा जिथल्या कायद्यात बसतो, तो तिथल्या माणसाला देतं. कुणी बाटली धुतं, कुणी फाटक उघडतं. तोच कणगुन्हा: सुटा पाहिला तर वाटाणे सोलण्याइतका निष्पाप.

"मग चोरी कोण करतं?"

"सगळे मिळून. म्हणजे कुणीच नाही. आणि चोरलंय ते या गोळ्यांचं औषध, काकू."

काकूंनी खिडकीतली बाटली पदराने झाकली. मग ऊन लागायला हवं हे आठवून पदर काढला.

मॅडम म्हणाल्या, पकडायला आता एकच कलम उरलंय. दोन तुकड्यांची माणसं एकमेकांना ओळखतात असं दिसलं, की कट सिद्ध होतो आणि साखळी बंद पडते. असं म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला रव्याचा लाडू टेबलावर ठेवला. काकूंच्या डब्यात सापडल्यावर पेरूच्या कस्टमने त्याची नोंद 'गोल बांधकाम साहित्य' अशी केली होती.

"दुसऱ्याचा डबा नुसता कसा पाठवायचा?" काकू म्हणाल्या. "पेरूवालेही भाजलेला मका घालतात. अकरा देश फिरून येतो. यांना दात नाहीत, पण भावना पोचते."

"तीच नको पोचायला."

जिन्यावर श्रीपतींची पावलं वाजली. मॅडम त्यांचा श्वास ऐकत राहिल्या. श्वासात घरघर नव्हती.

"माझे अब्बाही मागावर होते," त्या म्हणाल्या. "गोळ्या यायच्या आधी गेले." त्यांनी पिशवी पर्समध्ये टाकली. "ओळख आढळली नाही, असं लिहिते. पण लाडू बंद करा."

"मग आभार कसे मानायचे?"

"मानायचे नाहीत, काकू. आभार मानले की ओळख होते."

आजचा ताजा लाडू काकूंनी मॅडमच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला आणि चव कशी होती ते सांगितलं नाही. त्या दिवशी प्रथमच कुरिअरच्या दुकानापर्यंत डब्यात बाटली एकटीच खुळखुळत गेली.

चार महिन्यांनी तोच डबा फिरून आला. आत बाटली होती. मका नव्हता. गोळ्या मात्र वेळेवर आल्या.

सकाळी श्रीपती वरच्या मजल्यावर कुणाशी तरी मनसोक्त भांडत होते. काकूंनी टाकीकडे पाहून हात जोडले. मग इकडेतिकडे बघून, जोडलेले हात पदराखाली घेतले.