राखणपोवळ्याची ओळख

शिंपणवाडीच्या नव्या सुना ओहोटीला पाण्यात उतरायच्या त्या मनगटाला फडकी गुंडाळून. पाण्यात राखणपोवळं होतं.

सांबराच्या शिंगांसारखं फांद्या फुटलेलं, हाताला दगडासारखं लागणारं, पण जिवंत. त्याची एकेक फांदी म्हणजे हजारो इवल्या जिवांची वसाहत. शेजारी आपलं असेल तर ती त्याला चिकटते, परकं असेल तर डंखाच्या तंतूंनी जाळते. शास्त्रज्ञांनी हीच ओळख माणसाच्या घामातल्या घराण्याच्या खुणेशी जोडली आणि लाटांना अडवणारा, परक्या मासेमारांना डसणारा बांध वाढवला. ओळख शिकवायला लाळेचे नमुने मागितले, तेव्हा गावच्या बैठकीने फक्त पुरुषांचे दिले. लेकी रक्ताच्याच होत्या. सुना कोणाला आठवल्या नाहीत. पोवळ्यालगतच्या खडपावरची, खडकांना चिकटलेली कालवं काढायचं काम मात्र सुनांचंच.

हर्षालीच्या मनगटांवर चार वर्षांचे चट्टे होते.

"सोड ता फडका. घाल हात," सासू इंदूबाई म्हणाली. "चार वर्सां झाली. पोवळ्याक अजून तू परकीच."

पोवळं वाढवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी डॉ. केरकरबाई रबरी बूट घालून पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी काचेची नळी पुढे केली. "हर्षाली, यात लाळ दे. आठवड्यात ते तुला ओळखेल. कायमचं."

"मगे आमका कळतला कसा?" इंदूबाईने विचारलं. "तुमीच सांगितलात ना, बाई?"

सांगितलं होतं खरं. गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, मूल झाल्यावरही वर्षानुवर्षं राहतात. मग तिच्या घामालाही घराण्याची खूण लागते आणि पोवळं डसत नाही. केरकरबाईंनी हे कौतुकाने सांगितलं, वाडीने त्याची सुनेला दिवस गेलेत की नाही हे पाहायची परीक्षा केली. दोन सुना माहेरी गेल्या त्या परतल्या नाहीत.

"आज डसला तर बॅग भर," इंदूबाई शांतपणे म्हणाली. "झिलाक दुसरी बघून ठेवलंय."

हर्षालीने डोळे मिटून हात घातला. फांदीवरचे तंतू बाहेर आले, बोटांना चाचपून परत मिटले.

इंदूबाई लगबगीने पाण्यात आली. तिने चार मुलगे जन्माला घातले होते. तिला भीती नव्हती. "सावकाश गो. माझो हात धर."

"आता तरी लाळ दे," केरकरबाई हळूच म्हणाल्या. "पहिल्या महिन्यांत काही बिनसलं तर खूण रुजायच्या आधीच पुसते, पोरी. ते पुन्हा डसेल, सगळ्यांसमोर."

हर्षालीने नळी बाजूला सारली.

"नको, बाई. उद्या परत हात घालूक होयो. नायतर पोर अजून आसा की नाय, ता माका कोण सांगतला?"